पाहुण्यांसाठीचे नियम

परदेशातून पाहुणे येणार म्हटले, की लोक घर आवरतात. आम्हाला आधी आवार आवरावे लागते. मागच्या भिंतीला टेकलेला सरपणाचा ढीग हलवायचा, कडब्याची गंजी गोठ्याच्या पलीकडे न्यायची, उंदरांची बिळे बुजवायची, न्हाणीच्या मोरीला जाळी बसवायची, मागच्या दारचा उडालेला बल्ब बदलायचा. कुत्र्याला आठवडाभर आधीपासून व्हरांड्यात, जाळीच्या दाराआड झोपायची सवय लावायची. हे सगळे झाल्यावर मग पडदे, चादरी आणि पाहुण्यांना आवडणारी बिस्किटे. संगमनेरहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, प्रवरेकाठच्या ऊसपट्ट्यात आमचे घर आहे. तीन बाजूंना ऊस आहे आणि चौथ्या बाजूला, ऊस तुटला की, ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. शेती आमची नाही. घरापुरती जागा तेवढी आमची.

2025 च्या डिसेंबरात आमची मावसबहीण बारा दिवसांसाठी राहायला आली. ताई बावीस वर्षे ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये आहे. भावोजी तिकडचेच. मुलगी एकोणीस वर्षांची, मुलगा चौदाचा. येण्याआधी महिनाभर आम्ही तिला एक लांबलचक पत्र पाठवले. त्यात पाहुण्यांसाठीचे नियम होते. दिवस मावळल्यावर मुलांनी एकट्याने अंगणाबाहेर जायचे नाही. रात्री बाहेर पडावेच लागले तर दोघांनी मिळून, विजेरी घेऊन आणि मोठ्याने बोलत जायचे. उसाच्या कडेला उकिडवे बसायचे नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याला माणसाच्या मापाचा दिसत नाही. झोपायचे ते खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. जमिनीवर अंथरूण घालायचे नाही, कारण मण्यार रात्री उबेला येते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतसुद्धा नाही. बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत.

ताईचे उत्तर दोन ओळींचे होते. तिने लिहिले, की असेच पत्र ती गेली वीस वर्षे नगरहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाठवत आली आहे, फक्त प्राणी वेगळे आहेत.

हे खरेच होते. तिच्या घरी जाऊन आलेल्या नातलगांनी त्या पत्राचे किस्से आम्हाला सांगितले होते. बूट तिकडेही झटकायचे असतात, पण ते लाल पाठीच्या कोळिणीसाठी. तिथला वसंत म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या दिवसांत मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी पिलांच्या राखणीपायी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झेप घेतो, म्हणून लोक शिरस्त्राणावर प्लास्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या करून हिंडतात. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात विषारी जेलीफिशमुळे जाळीबाहेर पोहायचे नसते, आणि नद्यांच्या मुखांशी तर मगरींमुळे कधीच नाही. त्या मगरींच्या पाट्यांवर इंग्रजीबरोबर जर्मन भाषेतला ‘आख्तुंग’ हा इशाराही रंगवलेला असतो. स्थानिकाला ती नदी ठाऊकच असते, पाटी लागते ती परमुलखातून आलेल्याला. आमच्याकडे वनविभागाने लावलेले ‘बिबट्याप्रवण क्षेत्र’ हे फलक मात्र मराठीत आहेत आणि ते वाचणारे सगळे इथलेच आहेत.

यजमानाला आपल्या मुलखातल्या धोक्यांचा एक चोरटा अभिमान असतो. ऑस्ट्रेलियन लोकांनी तर त्याचा खेळच करून टाकला आहे. ‘ड्रॉप बेअर’ नावाचा एक प्राणी ते परदेशी पाहुण्यांना मोठ्या गंभीरपणे समजावून सांगतात: कोआलासारखा दिसणारा, पण मांसाहारी, झाडाखालून जाणाऱ्याच्या मानेवर वरून उडी टाकणारा. बचावाचा उपाय म्हणजे कानामागे व्हेजिमाइट लावणे. हा प्राणी अस्तित्वातच नाही. तरीही सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने त्याला ‘थायलार्क्टोस प्लुमेटस’ असे शास्त्रीय थाटाचे नाव देऊन रीतसर माहितीपान केले आहे. भावोजींनी लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या मावशीला हे सांगितले, तेव्हा मावशीने शांतपणे ऐकून घेतले आणि मग त्यांना चकव्याची गोष्ट सांगितली. रात्री माळावरून निघालेला माणूस चकव्यात सापडतो, पहाटेपर्यंत त्याच एका बाभळीभोवती फिरत राहतो. दोन्ही बाजूंचे यजमानपद अशा रीतीने फिटले.

पण ही गंमत तिथेच जमते, जिथे खरे मरण विरळा असते. आपल्या घरात ती करून पाहावी म्हटले, तर जीभ अडखळते. ऑस्ट्रेलियातले साप जगातल्या अतिविषारी सापांत मोडतात. ताईच्या उपनगरात ईस्टर्न ब्राऊन हा साप लोकांच्या परसात निघतो. तरी त्या सबंध देशात वर्षाला सरासरी दोन-तीन माणसे सर्पदंशाने दगावतात. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. हे आकडे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले आहेत. त्यातली बहुतेक माणसे खेड्यातली होती.

भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना यातली एक गोष्ट फार आधीपासून जाणवत आलेली आहे. आपली ग्रामीण मराठी या धोक्यांचे नाव घेत नाही. रात्री साप म्हणायचे नाही, ‘जनावर’ म्हणायचे, किंवा ‘लांबडं’. सर्पदंशाला ‘पान लागलं’ म्हणायचे. बिबट्याला आमच्या शेजारचे अण्णा कधी बिबट्या म्हणत नाहीत. ‘वाघ’ नाहीतर ‘वाघरू’ म्हणतात. भाचीला हे शब्द फार आवडले. तिची मराठी आईच्या तोंडून ऐकलेली, बावीस वर्षांपूर्वी थांबलेली. ‘पान लागलं’ म्हणजे काय, हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे विड्याचं पान?” आम्ही तिला सांगितले, की भयंकर गोष्टीला सौम्य नाव देणे हा एक जुना विधी आहे. वर्गात हेच आम्ही ‘निषिद्ध शब्द’ या मथळ्याखाली एका तासात उरकतो. तिने विचारले, की तिकडे सगळे सापाचे नाव, जात, लांबी सांगतात, कारण दवाखान्यात विचारतात. इथे नावच घेतले नाही तर डॉक्टरला काय सांगायचे? प्रश्न सरळ होता. उत्तर असे, की इथे डॉक्टरला नाव कळले नाही तरी चालते असे गृहीत धरलेले आहे. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असते. तिच्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था पुरवते, आणि लस बनवणाऱ्यांत मुंबईच्या परळची हाफकिन संस्था हे जुने नाव.

भावोजींच्या बॅगेत लवचीक पट्ट्यांची चार भेंडोळी निघाली. तिकडे प्रत्येक गाडीत ती असतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नच्या स्ट्रुअन सदरलँड यांनी ही रीत घालून दिली: दंश झालेला हात किंवा पाय बोटांपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळायचा, फळी बांधायची, माणसाला हलू द्यायचे नाही. विष लसिकावाहिन्यांतून वर चढायचा वेग त्याने मंदावतो. नागाच्या कुळातल्या सापांना ते ठीक आहे, आणि ऑस्ट्रेलियातले विषारी साप जवळजवळ सगळे त्याच कुळातले. आमच्या शिवारात मात्र दंश करणारा साप पुष्कळदा घोणस असतो. तिचे विष चावल्या जागीच मांस सडवते, ते तिथेच घट्ट दाबून ठेवले तर पाय जायचा. म्हणून इथे शिकवले जाते ते एवढेच: बांगड्या-जोडवी काढा, अवयव फळीला सैलसर बांधा, चालू देऊ नका, आणि मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठा. भावोजींनी ते ऐकून पट्ट्या परत बॅगेत ठेवल्या. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचाराला आयुष्य वाहिले आहे. आमच्या भागातून तिकडे नेलेली माणसे वाचून आलेली आम्ही पाहिली आहेत. अंतर आणि वेळ एवढाच काय तो प्रश्न असतो.

बिबट्याचे मात्र वेगळे आहे. साप मुळापासून इथलाच, बिबट्या उसाबरोबर मैदानात उतरला. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, लोणीला 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. बाजरीच्या रानात लपायला जागा नव्हती. ऊस वर्षभर उभा असतो, आडसाली तर दीड वर्ष. आत गारवा, पाणी जवळ, माणसाचा वावर नाही, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याची मादी उसात विते. पिलांना तेच जंगल.

हे आम्ही अनुभवाने म्हणत होतो, पण त्याला शास्त्राचा आधार मिळाला तो विद्या अत्रेय यांच्या कामामुळे. त्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात रात्री आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे लावले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा या भागात, दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच पूर्ण वाढलेले बिबटे होते, आणि तरस तेवढेच. जंगली हरिण-सांबर नावालाही नाही. पुढे विष्ठेच्या तपासणीतून दिसले, की बिबट्याच्या खाण्यात 87 टक्के पाळीव प्राणी आणि त्यांतही 39 टक्के एकटी कुत्री. आणि त्या अभ्यासाच्या काळात त्या भागात बिबट्याने एकही माणूस मारला नाही. निबंधाच्या लेखकांत मॉर्टेन ओडेन आणि जॉन लिनेल अशी नॉर्वेतल्या संशोधनसंस्थांत काम करणाऱ्यांची नावे आहेत. भाचीला याचे नवल वाटले, की अकोल्याच्या उसाचा विचार नॉर्वेत झाला. आम्हाला त्यात एक गंमत दिसते. लांडगा, अस्वल, लिंक्स यांच्याशी युरोपातल्या शेतकऱ्याचे कसे जमवायचे, या चिंतेत असलेल्या माणसांना आमच्याकडे पाहण्यासारखे काही सापडले. परदेशी पाहुण्याला दाखवायला आमच्या जिल्ह्यात शिर्डी आहे, शनिशिंगणापूर आहे, रेहेकुरीचे काळविटांचे इवलेसे अभयारण्य आहे. त्या यादीत उसाचा फड कुणी धरत नाही.

बिबट्या धोकादायक कधी होतो, याचे एक उत्तर जुन्नरने दिले आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथे पकडलेले बिबटे दूरच्या रानात नेऊन सोडले जात होते. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. 1993 ते 2001 या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते बिबटे नेऊन सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर सतरांवर गेले. ओळखीच्या मुलखातून उचलून परक्या ठिकाणी टाकलेला प्राणी कुठे पाणी, कुठे वाट, कुठे माणूस, हे काहीच जाणत नसतो. आमच्याच पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला 2009 साली विहिरीतून काढलेला एक वयस्क बिबट्या, ‘आजोबा’, गळ्यात जीपीएसची पट्टी बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. तो महिनाभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. वाटेत त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही. 2011 च्या डिसेंबरात त्याच परिसरात वाहनाच्या धडकेने तो मेला. सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा 2014 चा चित्रपट त्याच्यावरच आहे. तो आम्ही सगळ्यांनी मिळून घरी पाहिला. भाच्याचे म्हणणे पडले, की चित्रपटात माणसे जरा जास्तच बोलतात. टीका म्हणून ती आम्हाला पटली.

आमच्या व्यवसायाचा एक मुद्दा इथे मांडतो. मराठीत प्राण्यांवरचे लेखन कमी नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ आहे, आयुष्यभर वनखात्यात राहून जंगलाचा शब्दकोश मराठीला देणारे मारुती चितमपल्ली आहेत, कृष्णमेघ कुंटे यांची मदुमलाईची शोधयात्रा आहे. त्याआधीच्या शिकारकथा तर पुष्कळ. या सगळ्यांत माणूस रानात जातो. रान माणसाच्या मोटारीपर्यंत, खुराड्यापर्यंत, लेकराच्या पाळण्यापर्यंत आले, की त्याला आपल्याकडे साहित्यप्रकारच उरत नाही. ते तालुका वार्तापत्रात जाते, ‘बिबट्याचा धुमाकूळ’ या ठरीव मथळ्याखाली. धुमाकूळ म्हणजे नेमके काय झाले, हे त्या बातमीत क्वचितच असते. अकोल्याच्या पश्चिमेला, राजूर-भंडारदऱ्याकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत मात्र दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते, वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे नैवेद्य ठेवला जातो. तिथे वाघ देव आहे आणि शेळी नेली तरी त्याच्याशी बोलणे चालू राहते. पण तो डोंगरातला व्यवहार झाला. उसातल्या बिबट्याला देव्हारा नाही.

ताईने येण्याआधी फोन केला होता, “यावं की नको?” तिने बातम्या वाचल्या होत्या. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांना मारले. त्यांत दोन लेकरे होती आणि एक म्हातारी. लोकांनी महामार्ग रोखला, शेवटी वनविभागाच्या नेमबाजांनी एक बिबट्या गोळी घालून मारला. त्यानंतर तिथले एक छायाचित्र देशभर फिरले. शेतात निघालेल्या माणसांनी आणि बायकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले आहेत. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना लांडग्या-बिबट्यापासून वाचवायला असे पट्टे घालतात. तेच आता माणसांच्या गळ्यात. भाच्याने ते छायाचित्र मोबाइलमध्ये साठवून आणले होते. पहिल्याच रात्री जेवताना त्याने ते दाखवले आणि विचारले, आमच्याकडे किती पट्टे आहेत. आमच्याकडे एकही नव्हता. त्याला वाटले, आम्ही शूर आहोत. खरे कारण असे, की आम्हाला त्या वेळी शेतात जावे लागत नाही.

बारा दिवसांतल्या चौथ्या रात्री अण्णांची पाण्याची पाळी होती. शेतीपंपांची थ्री फेज वीज आमच्या भागात आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली, की बारा-साडेबाराला मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत गव्हाचे, कांद्याचे भरणे करायचे: एक वाफा भरला, की बारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे. हे काम उभ्याने होत नाही. खोऱ्याने माती ओढायला वाकावे लागते, कधी खाली बसावे लागते. अण्णा डोक्याला बॅटरी बांधतात, हातात काठी घेतात, खिशातल्या मोबाइलवर कीर्तन मोठ्याने लावतात. पूर्वी त्यांच्याबरोबर कुत्रा जायचा. तो कुत्रा दोन वर्षांपूर्वी पहाटे वस्तीवरूनच गेला, साखळीसकट. त्यानंतर त्यांनी कुत्रा पाळलेला नाही.

भावोजींना त्यांच्याबरोबर जायचे होते. आम्ही नाही म्हणालो, आणि अण्णाही नाही म्हणाले. आमच्यापेक्षा जास्त ठामपणे. “पाव्हण्याला काय झालं तर गावाचं नाव जाईल,” असे त्यांचे कारण. मग सगळे जण शाली घेऊन गच्चीवर बसले. खाली काळा ऊस, पलीकडे गव्हात अण्णांचा एक दिवा हलत होता. तो मध्येच खाली जायचा, बराच वेळ खालीच राहायचा, आणि वर आला की भाचा इंग्रजीत “आहेत” असे म्हणायचा. कीर्तनकाराचा आवाज तुटक तुटक येत होता. उत्तरेला कोप्यांपुढे एक शेकोटी होती. चारच्या सुमाराला कोप्यांत हालचाल सुरू झाली; तोडीला निघायची वेळ ती. पाथर्डीकडून आलेली ही कुटुंबे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल त्या जोडीच्या नावावर. दोघे फडात गेले, की कोपीत मागे राहतात ती लेकरे. थोरली सहा-सात वर्षांची पोर धाकट्याला सांभाळते.

भाचीने त्या पहाटे आमचे पत्र मोबाइलवर काढले आणि एकेक नियम मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचण्यात कुचेष्टा नव्हती. ती खरोखरच ताडून पाहत होती. दिवस मावळल्यावर बाहेर पडू नये: अण्णा बाहेरच होते. दोघांनी मिळून जावे: अण्णांचा मुलगा चाकणला कारखान्यात कामाला, तेव्हा दुसरा माणूस नाही. उकिडवे बसू नये: ऊस बुडख्यापासून तोडायचा तर कमरेत वाकूनच तोडावा लागतो, शिवाय कोप्यांजवळ शौचालय नाही, बायका अंधार असतानाच उसाच्या कडेला जाऊन येतात. खाटेवर झोपावे: कोपीत पाचटावर गोधडी. मुलांना एकटे सोडू नये. इथे ती थांबली. यादीतला एकही नियम खोटा नव्हता, आणि समोरच्या शिवारातला एकही माणूस त्यातला एकही पाळू शकत नव्हता. ते नियम पाळण्यासाठी मच्छरदाणीचे घर, घरातले शौचालय आणि दिवसाची नोकरी लागते. म्हणजे आमची, किंवा बारा दिवसांच्या पाहुण्यांची.

आपल्या यंत्रणेने या मरणांना लावलेल्या किमतीही आम्ही त्यांना सांगितल्या, कारण भावोजींनी विचारले. बिबट्याने माणूस मारला तर वारसांना शासनाकडून 25 लाख रुपये मिळतात. त्याच रात्री त्याच बांधावर घोणस चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सानुग्रह योजना आहे, तिचे 2 लाख. तीही सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. बिबट्याच्या कृत्याला सरकार अंशतः जबाबदार मानले जाते. घोणशीच्या बाबतीत तसे कुणी मानत नाही. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर वाहिन्यांची योजनाही राज्यात चालू आहे, आणि काही गावांत तिचा उजेड खरोखरच पडला आहे. आमच्या मते बिबट्याबद्दल केलेल्या सगळ्या उपायांत हा एक उपाय सर्वांत मोठा आहे, आणि त्याचा उल्लेख बिबट्याच्या चर्चेत जवळजवळ कुणी करत नाही. पिंजरे किती लावले, याची मोजदाद होते. नसबंदीची चर्चा होते. रात्री बारा वाजता माणूस शेतात का होता, हा प्रश्न हवामानासारखा धरला जातो.

दुसऱ्या दिवशी तोडीत, आमच्या घरापासून तीन शेते सोडून, बिबट्याची दोन पिले सापडली. डोळे नुकते उघडलेली. फडातले काम थांबले. वनविभागाची माणसे आली, पिले तपासली, आणि संध्याकाळी एका क्रेटमध्ये घालून ती त्याच जागी ठेवली. क्रेट अशा रीतीने, की आईला तो पाडता यावा. आमच्या भागात हे आता बऱ्याचदा होते. आई येते, एकेक पिलू उचलून नेते, आणि मग राग न धरता दुसऱ्या उसात जाते. कामगारांचा एक दिवस मात्र बुडाला, आणि टनावर पैसे मिळणाऱ्याचा दिवस बुडतो तो कुठल्याही योजनेत बसत नाही. ताईने मुलांना पिले दुरूनसुद्धा पाहू दिली नाहीत, याबद्दल दोघे दिवसभर तिच्यावर रुसून होते. तोडकऱ्यांच्या लेकरांनी ती सकाळीच हाताळली होती.

जायच्या आदल्या दिवशी अण्णा चहाला आले. पाहुण्यांसाठी त्यांनी गुळाची ढेप आणली होती, जी विमानाने नेता येईल की नाही, यावर बरीच चर्चा झाली. ऑस्ट्रेलियाचे विमानतळ खाद्यपदार्थांच्या बाबतीत किती कडक असतात, हे ताई सांगत होती. अण्णांनी ते मध्येच थांबवून भावोजींना विचारले, “तुमच्याकडं बी ऊस असतो म्हणत्यात. मग रातीचं पाणी कोण देतं तिकडं?”

ऊस असतो, क्वीन्सलँडमध्ये पुष्कळ असतो. भावोजींचे एक चुलते उत्तरेकडे ऊस करतात. त्यांनी सांगितले, आम्ही भाषांतर केले: चुलते रात्री झोपतात, पंप वेळेवर आपोआप चालू होतो, मोबाइलवरून बंदही करता येतो, तोडणी यंत्राने होते.

अण्णांनी बशीतला चहा संपवला. “आमच्याकडंबी हाये तसला डबा,” ते म्हणाले, “लाइट आली की मोटार आपसुक चालू. पण बारं कोण मोडणार?” मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी पुढच्या आठवड्याचे विजेचे वेळापत्रक आम्हाला वाचायला दिले. चष्मा त्यांनी घरी विसरला होता. सोमवार ते गुरुवार, रात्री साडेबारा ते सकाळी साडेआठ.